सावरीकडे बघणारा माणूस

मुलांनो,

गेल्या आठवड्यात फोनवरून मी तुम्हाला अंगणापलीकडची सावर दाखवली. माझा हात हलत होता, त्यामुळे तुम्हाला बहुतेक लाल रंगाचा एक पट्टाच दिसला असेल. धाकटीनं विचारलं, "आजी, ते झाड आपलं आहे?" मी लगेच "हो" म्हणाले. सातबारा काढला तर ते खरंच आहे. बांध आपला, बांधावरचं झाडही आपलं. पण फोन ठेवल्यावर तो "हो" मला खटकत राहिला. होळी तोंडावर आली आहे आणि त्यानंतर मी तुम्हाला काय दाखवू शकेन, याची मला खात्री नाही. म्हणून ही हकिगत होळीच्या आधी लिहून पाठवते आहे.

मराठीत लिहिते आहे, कारण जन्मभर इंग्रजी शिकवलं असलं तरी यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली, तर माझाच त्यांच्यावर विश्वास बसणार नाही. तसाही तो फारसा बसत नाही. अडलं तर बाबांना विचारा.

तुम्ही आपल्या गावी, गडबला आलात तेव्हा पावसाळा होता. सावर तेव्हा हिरवी असते, चार झाडांसारखीच दिसते. तुम्ही तिच्या बुंध्यावरचे काटे मोजले आणि विसरून गेलात. माघात ती सगळी पानं टाकून देते आणि नुसत्या फांद्यांवर फुलते. जाड पाकळ्यांची, ओंजळभर मोठी लाल फुलं. खाली पडतात तेव्हा ओल्या फडक्यासारखा थप्प आवाज होतो. पहाट झाली की मैना, कोतवाल, कावळे सगळे वर जमतात आणि भांडतात. आपली सावर सरळ आहे. घराच्या दुप्पट उंचीपर्यंत तिला मोठा फाटा नाही. मी लग्न होऊन पेणहून इथे आले तेव्हापासून ती उभी आहे.

सरळ असणं हीच तिची अडचण आहे. आमच्या भागात होळी म्हणजे नुसती लाकडं रचून पेटवायची नसते. गावाच्या मधोमध एक अख्खं झाड उभं करतात, हार घालतात, पूजा करतात, बायका नैवेद्य दाखवतात आणि मग ते पेटवतात. पुष्कळ गावांत ते झाड सावरीचं असतं. सावर सरळ वाढते आणि तिचं लाकूड हलकं, त्यामुळे माणसांच्या खांद्यावर पेलवतं. झाड आधीच हेरून ठेवतात. हेरणारा माणूस गावात ठरलेला असतो. तो माघात हिंडतो, एखाद्या सावरीखाली उभा राहतो, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नजर नेतो आणि काही न बोलता निघून जातो. मग होळी आली की माणसं नारळ घेऊन दारात उभी राहतात. होळीसाठी झाड मागितलं तर मालकानं नाही म्हणायचं नसतं. न मागता नेलं, तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

त्यातून हायवे रुंद झाला. रस्त्याकडेच्या कितीतरी सावरी त्यात गेल्या. आता सरळ सावर हवी असेल तर लोक टेम्पो घेऊन लांब लांब फिरतात. त्यामुळे माघ महिन्यात सावरीखाली उभा राहून वर बघणारा परका माणूस दिसला, की इथल्या कुणालाही एकच गोष्ट सुचते. मलाही तीच सुचली.

हे दोन होळ्यांपूर्वीचं. साठीच्या पुढचा एक माणूस रस्त्याच्या कडेला स्कूटर लावायचा, हेल्मेट काढून बांधावर ठेवायचा आणि मान वर करून उभा राहायचा. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. मग हेल्मेट घालायचा आणि जायचा. एकदा आला, मग चार दिवसांनी आला, मग पुन्हा. फोटो त्यानं कधी काढला नाही. माझा संशय पक्का झाला तो त्यामुळेच. हल्ली चांगल्या हेतूनं बघणारा माणूस फोटो काढतो.

पलीकडच्या घरात राहणाऱ्या आजी तुम्हाला आठवत असतील, म्हशीवाल्या. त्या माझ्या चुलत जाऊबाई. त्यांचा गोठा सावरीला लागूनच आहे. त्यांनीही त्या माणसाला पाहिलं होतं.

"आला बग तुजा होळीवाला," त्या गोठ्यातूनच ओरडायच्या.

"कदाचित नुसता बघायला येत असेल," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"नुसता बगायला कोन येतो गो? बगायला येतात ती न्यायलाच येतात."

तुमचे आजोबा ओटीवर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "वहिनी, बरोबर बोललात. मीही हिला नुसता बघायलाच गेलो होतो पेणला."

"तवाच सांगत व्हते तुमच्या आयेला," जाऊबाई म्हणाल्या, "शिकल्याली पोर आनू नका, दिसभर खिडकीत बसंल."

खिडकीत मी बसत होते हे खरं. मी स्कूटरचा नंबर पाठ केला. तो कुठल्या दिशेनं येतो आणि कुठे वळतो, तेही पाहून ठेवलं. पेणच्या बाजूला जाताना थांबला, तर परत येताना थांबत नाही, हेही माझ्या ध्यानात आलं. यावरून काय सिद्ध होतं ते मला सांगता आलं नसतं, पण लक्ष ठेवायचं तर नीट ठेवावं.

शेवटी एका सकाळी मी बादली घेऊन निघाले. हातात बादली असली की आपण सहज आलोय असं दिसतं. सावरीला कोणी पाणी घालत नाही, हे त्यालाही माहीत असणार, पण माझ्या ते नंतर लक्षात आलं.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काय नाय."

"मग?"

"बगतोय."

"काय बघताय?"

त्यानं वर बोट केलं, मला कमी दिसत असावं अशा थाटात.

"कुठल्या गावची होळी?" मी सरळ विचारलं.

तो हसला. संशय बरोबर ठरलेल्या माणसाला बघून हसावं, तसं. "वळखलंत की! नागोठण्यावरनं रोह्याच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. आमच्या होळीचं झाड मीच हेरायचो. लय वर्षं. कंपनीत शिफ्ट सुटली की माघभर सावरी बगत हिंडायचो."

"आणि आता?"

"आता सोडलं. दुसरी मानसं हायेत. लेक पेनच्या पुढं जिते गावात दिलीय, तिच्याकडं जाताना हितं थांबतो."

"सोडलं का?"

त्यानं पुन्हा वर पाहिलं. "जी आवडायची तीच तोडायला लागायची," म्हणाला. "वाकडीतिकडी नेऊन चालत नाय, गाव हसतं. दुसऱ्या दिशी तिथनं जावं तर बुडखा. आता नुस्ता बगतो. बगून झालं की जातो."

जन्मभर सावरी तोडलेला माणूस माझ्या सावरीखाली उभा राहून सांगत होता की आता मी नुसता बघतो. वर्गात अशी कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत आणि ती याच्याहून बरी रचलेली असत. मी म्हटलं, "ठीक आहे. मग एवढी कृपा करा, इथे सावर आहे हे तुमच्या गावात सांगू नका."

"सांगितलंय की."

मी बादली खाली ठेवली.

"तशी नाय वो. पोरं इचारत व्हती, काका, सरळ झाड कुठं हाय? मी म्हटलं, गडबला एक हाय, पन जाऊ नका. आतनं पोकळ हाय. वाटंतच मोडंल."

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण मला रागच आला. माझ्या सावरीला पोकळ म्हणणारा हा कोण? आणि मग दुसरी शंका आली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. बाजारात चतुर गिऱ्हाईक आपल्याला हवा तो नग हळूच मागे सरकवून ठेवतं आणि बाकीच्यांना सांगतं, यात राम नाही. हा माणूस तेच करत नसेल कशावरून? बोलून तर गेला होता की काम सोडलं. पण सोडलेलं काम माणसं पुन्हा धरतात.

त्या होळीला आपल्या दारात कोणी आलं नाही. घरात सगळे म्हणाले, बरं झालं. मी म्हटलं, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली आहे.

सावरीची बोंडं चैत्र-वैशाखात फुटतात आणि आतला कापूस वाऱ्यावर निघतो. तो कुठेही जातो. जाऊबाईंचे पापड अंगणात वाळत होते, त्यांवर तो जाऊन बसला. एकेक पापड झटकत त्या कुरकुरत होत्या. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "तुजी सावर पोकळ हाय म्हनं."

"कोण म्हणालं?"

"पेनच्या बाजारात आयकलं. जित्याची बाय सांगत व्हती."

म्हणजे त्याची लेक. बापानं सावरीला वाचवायला केलेली बदनामी लेकीनं पेणच्या बाजारापर्यंत नेली होती.

"आता पाऊस लागंल," जाऊबाई म्हणाल्या. "वारा सुटला की ती पडनार कुठं? माज्या गोठ्यावर. खाली म्हस हाय माजी. पावसाच्या आदी तोडून टाक गो."

"पोकळ नाहीये ती."

"मग सगळी का म्हनतात?"

इथे माझी पंचाईत झाली. सावर भरीव आहे हे जाऊबाईंना पटवून द्यावं, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर होईल आणि पुढच्या माघात होळीवाले हजर. पटवून देऊ नये, तर पावसाआधी झाड तोडा म्हणून त्या माझ्या दारात बसतील, आणि म्हशीचा प्रश्न म्हटल्यावर गाव त्यांच्याच बाजूनं बोलेल. पोकळ म्हटलं तरी कुऱ्हाड, भरीव म्हटलं तरी कुऱ्हाड. मी विचार केला आणि मार्ग काढला. सावरीचा शेंडा छाटून टाकायचा. उंची गेली की गोठ्याला धोका नाही. आणि शेंडा नसलेलं झाड होळीला चालत नाही, त्यामुळे ते पुन्हा कोणी मागणार नाही.

"म्हणजे कुणालाच नको होईल असं झाड करून ठेवायचं," आजोबा म्हणाले.

"ठेवायचं, हे महत्त्वाचं," मी म्हणाले.

गडबमधलाच एक झाडावर चढणारा माणूस ठरवला. सावरीवर काट्यांमुळे सरळ चढता येत नाही. तो शिडी, दोर आणि कोयता घेऊन आला. शिडी लावतोय तोवर रस्त्यावर स्कूटर थांबली. फुलं संपल्यापासून तो माणूस फिरकला नव्हता. त्याला कोणी कळवलं, हे मला अजून माहीत नाही. मला जाऊबाईंचा संशय आहे. त्या शपथेवर नाही म्हणतात.

तो शिडीकडे बघत राहिला. मी त्याला माझा बेत समजावून सांगितला, अगदी मुद्द्यानं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"राहील," तो म्हणाला. "शेंडा मारलात तर राहील. खराट्यावानी फाटे फुटतील, कोन हात लावायचा नाय."

"मग झालं तर."

"झालं. मग मी यायचा नाय."

"ही धमकी आहे का?"

"धमकी कसली बाई? माजं काय हाय हितं?"

"होळीत जाळलेली चालेल तुम्हाला आणि शेंडा छाटलेला नाही चालणार?"

"चालायचा सवाल नाय," तो म्हणाला. "गेली तर गेली. मी बगितलीय ना."

मुलांनो, या वाक्याचा मला फार संताप आला. ज्याच्या नावावर झाड नाही, ज्याला खालची फुलं झाडायला लागत नाहीत, जाऊबाईंची बोलणी खायला लागत नाहीत, त्याला असं बोलायला काय जातं? आणि दुसऱ्याच क्षणी मला वाटलं, किती सफाईनं बोलतोय हा. शेंडा राखा म्हणजे काय? होळीसाठी झाड चांगलं ठेवा. त्याचं प्रत्येक वाक्य या अर्थानं नीट बसत होतं. तो अर्थ चुकीचा होता असं मी आजही ठामपणे म्हणणार नाही.

"बाय, चढू का नको?" शिडीवरचा माणूस म्हणाला. "ऊन व्हतंय."

"चढ रे," आजोबा ओटीवरून म्हणाले. "तो पुन्हा येणार नाही म्हणतोय. हिला तेच तर हवं होतं."

मी वर पाहिलं. कुठून कापायला सांगायचं ते ठरवायला पाहिलं. शेंड्याकडच्या फांद्यांवर उघडी बोंडं होती आणि प्रत्येकातून थोडा थोडा कापूस सुटत होता. त्या दोन-तीन महिन्यांत मी रोज सावरीकडे बघत होते, पण तिच्याखाली कोण उभं आहे ते बघायला. फुलं कधी संपली, बोंडं कधी धरली, पहाटे पक्षी यायचे कधी थांबले, काही आठवेना. त्या वर्षीचा सबंध बहर माझ्या खिडकीसमोर झाला आणि मी त्यातलं फक्त एक हेल्मेट पाहिलं. ज्याला मी चोर समजत होते, त्याचं बघून झालं होतं. माझं राहून गेलं होतं.

"शेंडा राहू दे," मी शिडीवाल्याला सांगितलं. "गोठ्यावर आलेली फांदी तेवढी काढ. आणि आधी कोयत्याच्या पाठीनं बुंधा ठोकून दाखव."

त्यानं ठोकलं. जाऊबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. आवाज भरीव आला, त्यांनाही कळला.

"अगो, भरीव हाय!" त्या म्हणाल्या.

"कुणाला सांगू नका."

"मी कोनाला सांगते?"



त्या माणसानं आपली स्कूटर फांदी पडेल तिथून थोडी लांब नेऊन लावली. फांदी पडली, जाऊबाईंनी तिची बोंडं वेचून टोपलीत भरली. त्यानंतर तो गेला. आभार त्यानं मानले नाहीत.

गेल्या वर्षीच्या माघात सावर पुन्हा फुलली. त्या वेळी मी मुद्दाम बघितली. पहाटे चहाचा कप घेऊन बांधावर जायचं आणि उभं राहायचं. पहिले काही दिवस माझं लक्ष रस्त्याकडेच होतं, खोटं कशाला सांगू. तो आला, पण फक्त दोनदा. दोन्ही वेळा आम्ही दोघं चार हात अंतर ठेवून वर बघत उभे राहिलो. एकदा तो म्हणाला, "ह्या वर्साला दाट हाय." मी म्हटलं, "हो." त्याचं नाव मी विचारलं नाही. नाव विचारलं की गाव विचारावं लागतं, मग घर, मग येणं-जाणं, आणि माणूस आपल्या ओळखीचा होऊन बसतो.

मग होळीच्या आदल्या दिवशी आपल्याच गावची पाच-सहा माणसं नारळ घेऊन आली. चांगली बायकामुलांची, चाळिशीतली माणसं. त्यातले दोघं माझ्याकडे शिकलेले. ते चपला काढून अंगणात उभे राहिले. एक जण म्हणाला, "बाई, सावर बगायला आलो. लोक पोकळ म्हनतात. खरं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर तयार करत होते. खोटं मला सांगता येत नाही, आणि ज्यांना मी खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, त्यांच्यासमोर तर नाहीच. आणि खरं सांगणं म्हणजे झाड देणं. मी ओटीच्या खांबाला धरून उभी होते. शेवटी म्हणाले, "तुम्हीच बघा. तुम्हाला योग्य वाटलं तर न्या."

हे मी कसं म्हणाले, मला कळत नाही. पण म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर मागे घ्यावंसं वाटलं नाही. त्या वर्षीचा बहर मी पाहिला होता.

ते बुंध्याकडे गेले. एकानं मूठ आपटायला हात उचलला, तेवढ्यात गोठ्यातून जाऊबाईंचा आवाज आला.

"हात लावू नका रे तिला! पोकळ हाय ती. गेल्या वर्साला फांदी काडली तर आतनं भुसा निगाला भुसा! वाटंत कोनाच्या डोक्यात पडली तर बाई भरून देनार हाय का?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. जाऊबाई कुठलीही गोष्ट लपवत नाहीत, ही त्यांची गावभर ख्याती. ठोकून बघायची कुणाला गरज वाटली नाही. नारळ घेऊन ते परत गेले.

मी जाऊबाईंकडे गेले. "का सांगितलंत असं?"

"तुज्यासाठी नाय," त्या म्हशीपुढे पेंढा टाकत म्हणाल्या. "उशांना कापूस कोन देनार मला?"

वर्षानुवर्षं त्या कापसाला शिव्या घालणारी बाई. मला ते कारण पटलं नाही आणि खरं कारण त्या सांगत नाहीत. आजोबा म्हणतात, विचारू नकोस. मी पुन्हा दोनदा विचारलं. जाऊबाईंनी म्हशीचं दूध कमी झाल्याचं सांगितलं.

यंदाची होळी आता आठवड्यावर आली आहे. माणसं येतील की नाही, जाऊबाई काय बोलतील, माहीत नाही. त्यांच्यावर मी भिस्त ठेवलेली नाही. तो माणूस परवा येऊन गेला. नवी स्कूटर घेतली आहे, त्याचाही नंबर मी पाहून ठेवला, सवयीनं.

आज सकाळी सावर उभी होती. गोठ्याकडची एक फांदी नाही, बाकी सगळी आहे, शेंड्यासकट, आणि फुललेली आहे.